रात्रीचा अग्निबाण आणि दिवसाची हजेरी

या व्याख्यानमालेसाठी आम्ही विषय कळवला तेव्हा चालकांना जरा नवल वाटले. "तुम्ही कामगार चळवळीतली माणसे. किमान वेतनावर बोला, कंत्राटी कामगारांवर बोला. अग्निबाणाशी तुमचे काय नाते?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देता देता हे व्याख्यान तयार झाले, म्हणून आधी त्या प्रश्नाची हकीकत सांगतो.

नांदेडला आमच्या युनियनची मासिक सभा होती. लातूरचे सहकारीही आले होते. कामकाज संपल्यावर चहाच्या वेळी एका सफाई कामगाराच्या मुलीने, जी लातूरला क्लासला असते, एक सूचना मांडली. श्रीहरिकोट्याहून रात्री अग्निबाण उडतो तो पाहायला आता सामान्य माणसालाही परवानगी मिळते. दरवर्षी युनियनची सहल कुठेतरी जाते, तर यंदा तिकडे का जाऊ नये? सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. मग अडत बाजारातले एक वयस्क हमाल म्हणाले, "जाऊ की. पण भाऊ, बाण त्या रात्री उडालाच नाही, तर आमची हजेरी कोण भरणार?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु घरी गेल्यावर ध्यानात आले की, या एका वाक्यात फार मोठा इतिहास दडलेला आहे. अग्निबाण कोणी उडवले हे पुस्तकांत लिहिलेले असते. ते कोणाला पाहता आले, कोणाला दुरून पाहावे लागले, कोणाला त्यांच्यासाठी घरदार सोडावे लागले आणि वाट पाहण्याची ऐपत कोणाला होती, हे एकत्र लिहिलेले क्वचितच सापडते. तोच इतिहास आज आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे. आम्ही शाळा लवकर सोडलेली माणसे. वाचनालयात बसून जे मिळवले त्यातूनच बोलणार आहोत, हे श्रोत्यांनी लक्षात घ्यावे.

आरंभ शब्दापासूनच करू. 'बाण' हा शब्द मराठीला परका नाही. आपल्या जुन्या बखरींत लढाईच्या वर्णनात बाण येतात, ते सगळेच धनुष्याचे नव्हेत. दारू ठासलेल्या नळीचा, शेपटाला काठी बांधलेला, आग ओकत जाणारा बाण त्या काळच्या फौजांत सर्रास होता. मराठ्यांकडे होता, निजामाकडे होता, आणि त्याची सर्वांत मोठी प्रगती झाली ती हैदर अली आणि टिपू यांच्या म्हैसूर राज्यात. तेथे नळी लोखंडाची केली गेली, त्यामुळे आतला दाब वाढला आणि बाण लांब जाऊ लागला. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ पोल्लिलूर येथे कर्नल बेलीच्या इंग्रज फौजेचा दारुण पराभव झाला, त्यात या बाणांचा मोठा वाटा होता. आज श्रीहरिकोटा जेथे आहे तेथून हे ठिकाण फार दूर नाही.

रात्रीच्या बाणाची एक नोंदही इतिहासात आहे. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळ सुलतानपेठच्या राईवर आर्थर वेलस्ली याने हल्ला चढवला. अंधारात म्हैसूरच्या बंदुका आणि बाण यांनी त्याची दाणादाण उडवली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच सेनापती. त्या मोहिमेत निजामाची फौज त्याच्याच हाताखाली होती, आणि नांदेड तेव्हा निजामाच्या मुलखात होते. त्या छावणीत गोदाकाठचा एखादा शिपाई असेल, तर रात्रीचा अग्निबाण जवळून पाहणारा आपल्याकडील पहिला माणूस तोच म्हणावा लागेल. अर्थात हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. त्याने तो हौसेने पाहिला नसणार, एवढे मात्र खात्रीने सांगता येते. म्हैसूरचे राज्य बुडाल्यावर ते बाण इंग्लंडला गेले, विल्यम काँग्रिव्ह याने त्यांवरून नवे बाण बनवले आणि १८०७ साली कोपनहेगन शहर त्यांनी पेटवले. म्हणजे फार काळ रात्रीचा बाण पाहणे याचा अर्थ शत्रूची आग पाहणे असाच होता. सामान्य माणसाच्या वाट्याला आनंदाचा बाण येई तो फक्त दिवाळीतला.

तो अर्थ बदलला तो आपल्या देशात २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केरळमधील थुंबा या कोळ्यांच्या गावी. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त रेषा या गावाजवळून जाते आणि वरच्या वातावरणाच्या अभ्यासाला अशी जागा फार मोलाची असते, म्हणून विक्रम साराभाईंनी ती निवडली. या कामी त्यांचे उजवे हात होते आपल्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. १९६२ साली स्थापन झालेल्या अंतराळ संशोधन समितीचे ते सचिव होते. जागा निवडली खरी, पण तेथे लोक राहत होते आणि गावात मेरी मॅग्डलीन यांचे जुने चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावकऱ्यांपुढे प्रश्न ठेवला, आणि गावकऱ्यांनी देवाचे घर आणि स्वतःची घरे विज्ञानाच्या कामाला दिली. चर्चमध्ये कार्यशाळा थाटली गेली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेल्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील. ती याच काळातली आहेत.

त्या दिवशी उडालेला बाण 'नाइके-अपाचे' जातीचा, अमेरिकेने दिलेला होता. त्याच्या शेंड्यात सोडियमची वाफ सोडण्याचे उपकरण फ्रान्सचे होते. पाठवणारे हात मात्र आपले होते. अमेरिकेत शिकून आलेल्या तरुणांच्या त्या तुकडीत अब्दुल कलाम होते, अरवमुदन होते आणि पुण्याचे प्रमोद काळेही होते. उड्डाणाची वेळ ठरली संध्याकाळची, सूर्य नुकताच मावळल्यानंतरची. याचे कारण समजण्यासारखे आहे. जमिनीवर अंधार पडला तरी शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऊन असतेच. तेथे सोडलेली सोडियमची वाफ त्या उन्हात नारिंगी रंगाने चमकते आणि खालच्या काळोखी आभाळावर तिची रेघ स्पष्ट दिसते. वारा तिला कसा वळवतो हे पाहून शास्त्रज्ञांना उंचावरील वाऱ्याचे माप मिळते.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या संध्याकाळी ती नारिंगी रेघ पाहायला कोणाला परवाना लागला नाही. जाळे आवरणाऱ्या कोळ्याने पाहिली, कातेवाडीतून परतणाऱ्या बाईने पाहिली, तिरुवनंतपुरमच्या रस्त्यावरच्या हमालाने पाहिली. देशाच्या पहिल्या अग्निबाणाचा सज्जा म्हणजे सारे उघडे आभाळ होते.

साराभाईंविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. ते अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यातले. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा प्रसिद्ध संप झाला आणि त्यात गांधीजींनी उपोषण केले, हे आपण जाणता. त्या संपात मालकांच्या बाजूने अंबालाल साराभाई उभे होते आणि कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन उभी होती. पुढे १९२० साली मजूर महाजन उभे राहिले ते याच अनसूयाबेनच्या पुढाकाराने. विक्रम हे अंबालालांचे चिरंजीव. संपानंतरच्या वर्षी, १९१९ मध्ये त्यांचा जन्म झाला. ज्या घरात भाऊ आणि बहीण संपाच्या दोन बाजूंना उभे राहिले, त्या घरात हा मुलगा वाढला. गरीब देशाला अग्निबाण कशाला, असे त्यांना पुष्कळांनी विचारले. चंद्रावर माणूस पाठवण्यात बड्या राष्ट्रांशी आपली चढाओढ नाही, पण माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्याखुऱ्या अडचणी सोडवायला हे तंत्र वापरण्यात आपण कोणाच्या मागे राहता कामा नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हे उत्तर आमच्या मते अर्धवट पाळले गेले आहे. पण अर्धे तरी पाळले गेले, हे नाकारता येणार नाही.

उपग्रह सोडायचा तर थुंबा पुरेसे नव्हते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते; पूर्वेला बाण सोडला तर त्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो. शिवाय खाली पडणारे भाग समुद्रात पडावे लागतात. म्हणून पूर्व किनारा हवा. साठीच्या दशकाच्या अखेरीस चिटणिसांनी आंध्रच्या किनाऱ्यावर शोध घेतला आणि पुलिकत सरोवर व बंगालचा उपसागर यांच्या मध्ये असलेले श्रीहरिकोटा बेट पसंत पडले. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथून 'रोहिणी-१२५' हा छोटा बाण उडाला. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर रोजी, साराभाईंचे निधन झाले.

बेट निर्मनुष्य नव्हते. तेथे यानादी या आदिवासी जमातीचे लोक जंगलावर आणि सरोवरावर जगत होते. त्यांना जागा सोडावी लागली. थुंब्याच्या चर्चची गोष्ट वारंवार सांगितली जाते. यानादींची क्वचित सांगितली जाते. ज्यांनी जमीन दिली त्यांची नावे फलकावर नसतात, हा आमच्याकडच्या धरणांचाही अनुभव आहे. श्रीहरिकोटा थुंब्यासारखे उघडेही नव्हते. स्फोटक दारू, गुप्तता, सुरक्षा यांमुळे ते बंदिस्त राहिले. १८ जुलै १९८० रोजी आपल्या अग्निबाणाने आपला उपग्रह प्रथम कक्षेत नेला. त्या वेळी थुंब्याच्या मुख्य केंद्राचे संचालक होते पुण्यात जन्मलेले, कोल्हापुरात वाढलेले वसंत गोवारीकर, ज्यांनी घन इंधनाचे तंत्र देशात रुजवले. पण तो प्रसंग जवळून पाहिला तो आतल्या माणसांनी. बाहेरची माणसे पुढली कित्येक वर्षे सरोवराकाठच्या रस्त्यावर आणि सुल्लूरपेटच्या गच्च्यांवर उभी राहून पाहत आली.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. २० सप्टेंबर १९९३ रोजी श्रीहरिकोट्याहून 'पीएसएलव्ही' हा नवा अग्निबाण प्रथम उडाला आणि अयशस्वी झाला. उपग्रह समुद्रात गेला. वर्तमानपत्रांत त्यावर चर्चा चालू होती, तोच दहा दिवसांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे दगडामातीच्या ढिगाऱ्यात गेली, हजारो माणसे झोपेतच मेली. त्यानंतर कित्येक महिने लातूर-औसा-उमरगा पट्ट्यात लोक छपराखाली झोपायला धजत नव्हते. पटांगणात, शेतात, रस्त्याकडेला अंथरुणे पडत. आम्ही त्या वेळी तरुण होतो आणि मदतीच्या गाड्यांबरोबर गेलो होतो. सहलीची चर्चा चालली असताना त्या भागातली एक बाई म्हणाली, "रातीचं आभाळ आम्ही लई बघितलंय, दादा. आता ते भ्यायासाठी न्हाई, मनानं बघायचंय." या वाक्यानंतर सहलीला विरोध करणाऱ्यांचा आवाज खाली आला.

पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९९४ रोजी, 'पीएसएलव्ही'ने पृथ्वीची छायाचित्रे घेणारा उपग्रह कक्षेत नेला, आणि तेव्हापासून हा अग्निबाण देशाचा भरवशाचा बैल ठरला. अशा उपग्रहांच्या छायाचित्रांवरून भूजलाचे नकाशे बनतात, पिकांचा अंदाज येतो, वादळाची सूचना मिळते. पण लातूरकरांना येथे एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून 'जलदूत' नावाची गाडी दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्टेशनात आली. आभाळात इतके डोळे असताना शहरावर ही पाळी का आली? याचे उत्तर आम्हांला असे दिसते की, उपग्रह पाणी दाखवतो, पाणी देत नाही. जमिनीखाली किती उरले आहे हे कळल्यावर उसाला किती द्यायचे आणि माणसाला किती, हे जमिनीवरच्या माणसांनीच ठरवायचे असते. तेथे आपण कमी पडलो. दोष आभाळाला देण्यात अर्थ नाही.

गरिबाने अग्निबाणाकडे कसे पाहावे, हा प्रश्न आपल्यालाच पडला असे नाही. जुलै १९६९ मध्ये अमेरिकेत 'अपोलो ११' चंद्राकडे निघाले, तेव्हा ते पाहायला फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर लाखो माणसे जमली होती. आदल्या दिवशी, १५ जुलैला, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन तळाच्या दाराशी गेले. इतका पैसा आभाळात, आणि आमची मुले उपाशी, हे त्यांचे म्हणणे होते. संस्थेचे प्रमुख टॉमस पेन स्वतः बाहेर येऊन त्यांना भेटले. बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले. ॲबरनथींनी आणखी एक मागणी केली होती, ती आम्हांला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी गरिबांना उड्डाण पाहायला जागा मागितली, आणि ती मिळाली. म्हणजे निषेधही केला आणि हक्काची जागाही मागितली. या दोन गोष्टींत विरोध नाही. जे सर्वांच्या पैशातून उभे राहिले आहे, ते पाहण्याचा हक्क सर्वांना आहे. हा लढा भाकरीच्या लढ्यापेक्षा लहान असेल, पण तो त्याच जातीचा आहे.

त्याच साली आपल्याकडे दोन गोष्टी झाल्या. १५ ऑगस्ट १९६९ रोजी 'इस्रो' स्थापन झाली, आणि महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला. पाठीवर पोते वाहणाऱ्याला कायद्याने माणूस म्हणून ओळख मिळाली ते हे वर्ष. आमच्या त्या वयस्क हमालांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी बाण आणि आम्ही एका वयाचे."

आता रात्रीच्या उड्डाणाकडे येऊ. काहींना वाटते की देखावा चांगला दिसावा म्हणून रात्र निवडतात. तसे नाही. उपग्रहाला ज्या कक्षेत जायचे ती कक्षा आणि फिरणारी पृथ्वी यांचा मेळ दिवसातून ठराविक वेळीच बसतो. तो मेळ दुपारी बसला तर उड्डाण दुपारी, मध्यरात्री बसला तर मध्यरात्री. १ जुलै २०१३ रोजी रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी आपल्या दिशादर्शक उपग्रहमालिकेतला पहिला उपग्रह निघाला. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी 'एलव्हीएम-३' हा सर्वांत मोठा अग्निबाण ३६ उपग्रह घेऊन उडाला. आणि ३० डिसेंबर २०२४ रोजी, साराभाईंच्या स्मृतिदिनी, रात्री १० वाजता अंतराळात दोन याने जोडण्याच्या प्रयोगासाठी 'पीएसएलव्ही' निघाला. ती वेळ आधी ९ वाजून ५८ मिनिटांची होती. वरच्या कक्षेत दुसरे उपग्रह आडवे येऊ नयेत म्हणून दोन मिनिटे पुढे ढकलावी लागली.

सामान्य माणसाला आतून पाहण्याची सोय झाली ती मात्र फार उशिरा. ३१ मार्च २०१९ रोजी श्रीहरिकोट्यात प्रेक्षकांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा सज्जा खुला झाला. सुमारे ५००० माणसे बसतील अशी सोय झाली, आणि १ एप्रिलला लोकांनी तेथून पहिले उड्डाण पाहिले. प्रवेशाला पैसे नाहीत. नाव आधी नोंदवावे लागते, ओळखपत्र दाखवावे लागते. थुंब्याच्या उघड्या आभाळापासून या सज्जापर्यंत यायला ५५ वर्षे लागली.

सज्जा उघडून चार महिनेही झाले नव्हते, तोच त्या हमालांच्या प्रश्नाचे उदाहरण घडले. 'चांद्रयान-२' चे उड्डाण १५ जुलै २०१९ रोजी पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी ठरले होते. राष्ट्रपती आले होते. देशभरातून माणसे रविवारच्या रात्री तेथे जाऊन बसली होती. उड्डाणाला ५६ मिनिटे २४ सेकंद उरली असताना घड्याळ थांबले. अग्निबाणात तांत्रिक दोष आढळला होता. उड्डाण झाले ते २२ जुलैला, दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी, म्हणजे रात्रीचे दिवसावर गेले. थांबवणाऱ्यांनी योग्यच केले. अमेरिकेतही 'अपोलो १७' हे माणसांसह रात्री झालेले त्यांचे पहिले उड्डाण डिसेंबर १९७२ मध्ये अवघे ३० सेकंद उरले असताना थांबले होते, आणि दोन तास चाळीस मिनिटांनी झाले. अग्निबाणाच्या इतिहासात थांबणे ही नामुष्की नव्हे. न थांबणे हीच नामुष्की.

पण थांबण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. १५ जुलै हा सोमवार होता आणि २२ जुलै हाही सोमवार. पगारी रजेवर गेलेला नोकरदार आठवडा थांबेल, नाहीतर पुन्हा येईल. रोजावर जगणाऱ्याचा एक दिवस गेला की त्या दिवसाची भाकरी गेली, आणि कंत्राटदाराने नाव कापले तर काम गेले. सज्जाचे दार सर्वांना उघडे आहे हे खरे. पण वाट पाहण्याची ऐपत नसलेल्याला ते अर्धेच उघडे आहे. आठ तासांचा दिवस, साप्ताहिक सुट्टी, पगारी रजा या मागण्या चळवळीने केल्या त्या नुसत्या विश्रांतीसाठी नव्हत्या. आपल्या काळात घडणारे मोठे काही पाहायला माणसाला उसंत मिळावी, हाही त्यांचा अर्थ होता.

अग्निबाणाच्या मागे कामगार असतो हेही विसरू नये. 'पीएसएलव्ही'ची पोलादी कवचे आपल्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडली, द्रवरूप इंधनाची 'विकास' एंजिने विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडली. म्हणजे श्रीहरिकोट्याची ज्योत इंदापूर तालुक्यातल्या जोडाऱ्याच्या हातूनही गेलेली असते. आणि २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोट्यातच घन इंधनाच्या कामात आग लागून सहा माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी, २२ ऑगस्ट २००३ रोजी, ब्राझीलच्या अल्कांतारा तळावर उड्डाणाच्या तयारीत असलेला अग्निबाण अचानक पेटला आणि २१ माणसे गेली. आम्ही सज्जावर जाऊ तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी त्यांच्यासाठी एक मिनिट उभे राहायचे, असा ठराव सभेत झाला आहे.

आता आमची योजना सांगतो आणि आपली रजा घेतो. नांदेडची मंडळी निजामाबादवरून आणि लातूरची मंडळी उदगीर-बीदरवरून सिकंदराबादला पोहोचतील. तेथून गुडूरमार्गे सुल्लूरपेट, आणि पुढे सरोवरातून गेलेल्या रस्त्याने श्रीहरिकोटा. ऑक्टोबर ते डिसेंबर त्या किनाऱ्यावर वादळी पावसाचे दिवस असतात, म्हणून शक्य तर पुढचे महिने धरायचे. उड्डाणाची तारीख थोडे दिवस आधीच कळते आणि नावनोंदणी लवकर भरते. तेव्हा नोंदणीचे काम मुलामुलींकडे दिले आहे आणि सर्वांची ओळखपत्रे आतापासून तपासून ठेवली आहेत. ज्याच्या आधारकार्डावर नाव चुकीचे आहे त्याचे दुरुस्त करून घेणे हेही सहलीचेच काम ठरले.

हजेरीच्या प्रश्नावर मात्र तीन सभा झाल्या. शेवटी असे ठरले की दरमहा प्रत्येकाने थोडी वर्गणी द्यायची आणि त्यातून दोन दिवसांची मजुरी बाजूला ठेवायची. उड्डाण पुढे गेले आणि थांबावे लागले, तर रोजंदारीच्या माणसाला ती त्या निधीतून मिळेल. संपाच्या वेळी जसा निधी असतो तसाच हा वाट पाहण्याचा निधी. तरीही उड्डाण झाले नाही तर काय, यावर एका बाईंनी तोडगा काढला: "तिरुपती जवळच हाय. बाण न्हाई तर बालाजी." आमच्यातल्या जुन्या लाल झेंडेवाल्यांनी जरा कुरकुर केली, पण ठराव बहुमताने मंजूर झाला.

पाहायचे काय, तेही मुलांनी आम्हां म्हाताऱ्यांना समजावून दिले आहे. आधी उजेड येईल. सारे बेट दिवसासारखे उजळेल. आवाज मागाहून येईल, दर किलोमीटरला सुमारे तीन सेकंद उशिराने. त्या मधल्या शांततेत कोणी बोलायचे नाही, असे त्यांनी बजावले आहे. मग तो आवाज छातीवर येईल. मग ज्योत पूर्वेला समुद्रावर झुकत जाईल, ढगात शिरली तर ढग आतून पेटल्यासारखा दिसेल, आणि काही मिनिटांत एक ठिपका उरेल, मग तोही नाही.

तारीख अजून ठरलेली नाही. रात्रीचे पुढले उड्डाण जाहीर होण्याची वाट पाहत आहोत, आणि निधीत दर महिन्याला भर पडत आहे. त्या वयस्क हमालांनी पहिली वर्गणी दिली. देताना ते म्हणाले, "आता उडू दे नाहीतर थांबू दे. आपण थांबू शकतो."